चतुर्दशीची भुते

सन 2024 च्या ऑक्टोबरची 31 तारीख ही, आमच्या सोलापुरातूनच निघणाऱ्या आणि केव्हाच शंभरी ओलांडलेल्या दाते पंचांगाच्या दाखल्याप्रमाणे, नरकचतुर्दशी होती. आणि माझ्या नातीला शाळेतील मैत्रिणींकडून व मोबाईलच्या पडद्यावरून प्राप्त झालेल्या ज्ञानाप्रमाणे त्याच दिवशी हॅलोवीन होते. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान करावे, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून नरकासुराचा निकाल लावावा, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास तोंडाला काजळ फासून आपणच असुरपक्षाला जाऊन मिळावे, असा योग दरवर्षी येत नाही. कारण आमचे सण चंद्राच्या तंत्राने चालतात आणि त्यांचे सूर्याच्या, आणि या दोघांची गाठ कोणत्या साली पडावी याविषयी कोणीही कोणाला विचारीत नाही. नातीला या योगाचे काडीइतके अप्रूप नव्हते. शाळेला सुट्टी लागली आहे, संस्थेतील मुले मोकळी आहेत, आणि भुतांची सभा भरवावयास याहून सोयीचा दिवस नाही, एवढेच तिला ठाऊक होते व तेवढे तिला पुरेसे होते.

होटगी रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मुलांची दरखास्त रीतसर दाखल झाली: वहीचे फाडलेले पान, मजकूर नातीच्या हातचा, आणि खाली सह्यांची अशी दाटी की तीत अद्याप अक्षरओळख न झालेल्या मंडळींचे शाईचे अंगठेही उमटलेले. मागणी माफक होती. चतुर्दशीच्या संध्याकाळी वाहनतळ मोकळा मिळावा, तेथील विजेचे दिवे घटकाभर बंद ठेवण्याची परवानगी असावी, आणि खाऊची काही तजवीज व्हावी. त्यावर हरकती निघाल्या त्या दोन. पहिली एका व्यापारी गृहस्थांची: ही परमुलखातील वहिवाट एकदा आपल्या आवारात रूढ झाली की पुढे तिला हटवणे कठीण. दुसरी, संध्याकाळी कट्ट्यावर माझ्या शेजारी बसणारे जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत त्यांची, आणि ती अधिक वजनदार: वर्षाच्या सणात, लक्ष्मी घरात यावयाच्या आदल्या संध्याकाळी, भुताखेतांना आमंत्रण कशासाठी? बराच खल झाल्यावर अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. समारंभास संस्थेची हरकत नाही. मात्र संस्थेच्या निधीतून त्यासाठी एक छदामही खर्ची पडणार नाही. मुलांचे चेहरे उतरले, परंतु त्या संध्याकाळी पुढे जे काही बरे घडले ते या नामंजुरीच्याच पोटी घडले, असे माझे मत आहे.

मुख्याध्यापकांची हरकत मात्र माझ्या मनात राहिली. कारण ती श्रद्धेतून आलेली होती, आणि श्रद्धेला उत्तर द्यावयाचे तर ते तिच्याच दफ्तरातून काढावे लागते. ते दफ्तर जिल्ह्याबाहेर जाऊन धुंडाळण्याचेही कारण नव्हते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत, 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला, आणि महाराष्ट्रातील घरोघरचे तिथिव्रतांचे तंटे त्या ग्रंथाच्या आधारे मिटू लागले. अशा धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांनी या दिवसांसाठी जी कृत्ये सांगितली आहेत ती सावकाश वाचली, म्हणजे दिवाळी हा केवळ लक्ष्मीचा उत्सव नसून परलोकवासी आप्तांच्या जाण्यायेण्याचाही काळ आहे, हे ध्यानी येते. धनत्रयोदशीच्या सायंकाळी कणकेचा दिवा करून, त्याची ज्योत दक्षिणेकडे ठेवून तो यमाला द्यावयाचा. चतुर्दशीस यमाच्या चौदा नावांनी तर्पण करावयाचे. आणि चतुर्दशी-अमावास्येच्या प्रदोषकाळी हाती पेटते चूड घेऊन, महालयात भूलोकी आलेल्या पितरांना परतीची वाट दाखवावयाची. बंगालात तर या चतुर्दशीचे नावच भूत चतुर्दशी असे आहे; तेथील गृहिणी त्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजवतात आणि पूर्वजांच्या चौदा पिढ्यांसाठी घराच्या कानाकोपऱ्यांत चौदा दिवे लावतात. तेव्हा भुतांना आमंत्रण देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ती मंडळी या रात्री मामुलाप्रमाणे येतातच. त्यांची दखल घेण्याचे तेवढे आपण सोडून दिले आहे.

आणि आयर्लंडातील कुणब्यांना याच सुमारास हेच सुचावे यात मला काही विलक्षण वाटत नाही. सुगी आटोपली, गुरे रानातून गोठ्यात आली, दिवस आखूड झाला आणि शेत ओकेबोके दिसू लागले, की घरातून कमी झालेली माणसे आठवतात. ते लोक सलगमाचा कंद पोखरून, त्याला डोळे-तोंड कोरून, आत निखारा अथवा मेणबत्तीचे थोटूक ठेवीत. तशा एका कंदाचा साचा मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयात जपलेला आहे, आणि त्याचे छायाचित्र ज्याने पाहिले असेल तो कबूल करील की आजकालच्या हसऱ्या केशरी भोपळ्यांपेक्षा ते सुरकुतलेले मुख पुष्कळच भयप्रद आहे. इंग्लंडात गोरगरिबांची मुले दारोदार फिरत, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे कबूल करीत, आणि त्याच्या मोबदल्यात मसाला घातलेला लहानसा गोड केक पावत. 1845 साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात घोर दुष्काळ झाला, लाखो माणसे जहाजांतून अमेरिकेस गेली, आणि तेथे त्यांना कोरावयास सलगमापेक्षा मोठा व मऊ असा भोपळा आयताच मिळाला. पुढचा इतिहास मिठाईच्या कारखानदारांचा आहे. त्यात मला रस नाही.

राहिली व्यापारी गृहस्थांची हरकत. त्यांना मी एवढेच विचारले, की आपल्या ताटात रोज शेंगांची चटणी असते की नाही. सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे तो श्वास घेतो की नाही असे विचारणे आहे. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण व मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटलेला तो ऐवज परगावच्या पाहुण्याच्या पिशवीत घातल्यावाचून आम्ही त्याला निरोप देत नाही. आता यातील भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, आणि मिरचीही अमेरिकेतूनच पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आमच्या किनाऱ्याला लागलेली. श्राद्धाच्या स्वयंपाकात ज्याच्या भाजीचा मान आहे तो तांबडा भोपळा तिकडचाच. दसऱ्याला ज्याच्या माळेशिवाय दारास शोभा नाही तो झेंडू मेक्सिकोचा, आणि मेक्सिकोतील लोक अद्यापि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी त्याच्याच पाकळ्या अंथरून आपल्या मृतांना घराची वाट दाखवतात. हे सर्व परदेशस्थ आपण जेवणात व देवघरात घेतले, त्यांची जात-कुळी कोणी विचारली नाही, आणि अडवणूक व्हावयाची ती नेमकी पोरांच्या एका संध्याकाळची! गृहस्थांनी हरकत मागे घेतली नाही, परंतु मंडईतून भोपळा आणावयास स्वतःची गाडी देऊ केली.

लक्ष्मी मंडईत भोपळा फाकांनी विकला जातो. पाव किलो, अर्धा किलो, फार तर श्राद्धपक्षात किलोभर. अख्खा भोपळा मागणारे गिऱ्हाईक दुर्मीळ, आणि त्यातही तो दोन्ही हातांत घेऊन, गोल फिरवून, नाक कोठे येईल याचा विचार करणारे गिऱ्हाईक विक्रेतीने पूर्वी पाहिले नसावे. “अख्खाच? काय कार्य हाय का घरी?” असे तिने विचारले, आणि नातीने तिला सारा प्रकार तपशीलवार समजावून सांगितल्यावर तिने वजनात पुष्कळ सूट दिली, ती सहानुभूतीपोटी असावी. आमचा भोपळा चित्रातल्यासारखा केशरी नसतो. तो चपटा, खोल पन्हळींचा, वरून मातकट हिरवा आणि त्यावर पांढुरके डाग असा असतो; त्याचा सगळा रंग आत. साल इतकी चिवट की पहिल्या घावाला सुरी वाकते. देठाभोवती टोपण कापताना सुरी सरळ धरून चालत नाही, ती आतल्या बाजूस तिरपी धरावी लागते, नाहीतर टोपण पोटात पडते. बिया व तंतू डावाने खरवडून काढले तरी गराची भिंत चांगली जाड राहते, आणि ती आतून तासून बोटभर केल्याशिवाय उजेड बाहेर येत नाही. टोपणाला एक भोकही पाडावे लागते. ते नसले तर पणती आत गुदमरते. हे सगळे करून आत तेलाची पणती ठेवली, की डोळ्यांतून व तोंडातून येणारा प्रकाश पिवळा राहत नाही. जाड गरातून गाळून आलेला तो शेंदरी होतो, टोपणाची आतली बाजू हळूहळू काळी पडू लागते, आणि भाजक्या भोपळ्याचा गोडसर वास साऱ्या जागेत पसरतो. सोलापूरच्या हवेत हा चेहरा फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी गाल बसतात, तिसऱ्या दिवशी त्याला बुरशीची दाढी येते, आणि तो कोरणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा अधिक भेसूर दिसू लागतो.

हा उद्योग आमच्या ओसरीवर चालला असता शेजारच्या अक्का येऊन उभ्या राहिल्या. अक्का पद्मशाली, तेलंगणातून मागाच्या निमित्ताने ज्यांचे पूर्वज सोलापुरास आले आणि ज्यांनी या गावाला चादर व टॉवेल यांची कीर्ती मिळवून दिली त्यांपैकी एका घरातल्या. बालपण साखर पेठेत गेलेले, घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि वरच्या मजल्यावरील लिंगायत आजींशी बोलताना कानडी, अशा तीन भाषांत त्या सारख्याच सहजपणे रागावू शकतात. त्यांनी भोपळ्याकडे पाहिले, पोरांकडे पाहिले आणि विचारले, “फूल कुठं आहे?” भोपळ्याला फूल असते ही गोष्ट पोरांच्या गावीही नव्हती. मग अक्कांनी बतुकम्माची हकिकत सांगितली, आणि भोपळा कोरण्याचे काम तेवढ्या वेळापुरते तहकूब झाले.

बतुकम्मा हा तेलुगू स्त्रियांचा फुलांचा सण सर्वपित्री अमावास्येलाच सुरू होतो, हे मला त्या दिवसापर्यंत लक्षात घ्यावेसे वाटले नव्हते. ज्या दिवशी आम्ही पितरांच्या नावाने पान वाढून कावळ्याची वाट पाहतो, त्याच दिवशी सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली बायका ताटात पाने पसरून त्यावर फुलांचा पहिला थर मांडीत असतात. त्या वर्षी ती तारीख 2 ऑक्टोबर होती. फुले बागेतली नव्हेत. माळरानावरचा पिवळा तरवड, कुरडूचे रुपेरी तुरे, झेंडू, आणि भोपळ्याचे फूल. कुरडूचे शेंडे रंगात बुडवून वाळवावयाचे, देठ एका मापाचे कापावयाचे, आणि वर्तुळावर वर्तुळ रचीत वर निमुळता होत जाणारा फुलांचा डोलारा उभा करावयाचा. माथ्यावर हळदीची गौरम्मा बसवावयाची, आणि तिच्याजवळ भोपळ्याच्या फुलाचा गाभा. नऊ दिवस, आणि प्रत्येक दिवसाचा नैवेद्य निराळा: एका दिवशी पोहे, एका दिवशी घट्ट वरण, एका दिवशी भिजवलेले तांदूळ, एका दिवशी घावन. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी नैवेद्यच नाही. शेवटच्या दिवशी दहीभात, चिंचेचा भात, लिंबाचा, खोबऱ्याचा व तिळाचा भात अशी भातांची पंगत, आणि मग तो डोलारा पाण्यात सोडावयाचा. विड्या वळून बोटे झिजलेल्या स्त्रियाही या नऊ दिवसांत देठ कापावयास वेळ काढतात, असे अक्का म्हणाल्या. आणि त्यांच्या म्हणण्यात कौतुकाचा सूर मुळीच नव्हता, ते त्यांना इतके स्वाभाविक वाटत होते. आमच्या हादग्यातही पाटावरचा हत्ती मधे ठेवून मुली फेर धरतात, परंतु हत्ती चित्रातला असतो. फुलांचा सबंध मनोरा रोज नव्याने रचून शेवटी स्वतःच्या हाताने पाण्यावर सोडण्याची ही जी श्रीमंती आहे, ती शहरातल्या कोणत्याही मंडपात मला आढळलेली नाही.

भुतांचा प्रश्न पोरांनी आपसांत सोडवला होता, आणि तो फारच एकसुरी सुटला होता. पाच-सहा जण ड्रॅक्युला, उरलेल्या चेटकिणी. तेथे मी हस्तक्षेप केला. ज्या भाषेत मुंजा, समंध, वेताळ, झोटिंग, खवीस, गिऱ्हा, चकवा, हडळ, जखीण आणि लावसट अशी सुव्यवस्थित श्रेणी आहे, ज्यात कोण पिंपळावर राहील, कोण पाण्यात, कोण गावकुसाबाहेर, आणि कोणाची पावले उलटी असतील याची हद्द ठरलेली आहे, त्या भाषेतील मुलांनी ट्रान्सिल्व्हेनियातून भूत उसने आणावे हे मला रुचले नाही. मी ही यादी भिंतीवर लावली आणि निवड त्यांच्यावर सोपवली. मुंजाला सर्वाधिक मागणी आली, कारण त्याला लंगोटी व शेंडी यांपलीकडे पोशाखच लागत नाही. चकव्याची भूमिका ज्या मुलाने घेतली त्याचा पोशाख नव्हताच. त्याने फक्त समारंभभर प्रत्येकाला चुकीचा जिना दाखवावयाचा होता, आणि ते काम त्याने फार निष्ठेने केले. हडळीसाठी जुने पांढरे पंचे व टॉवेल घरोघरी निघाले. सोलापुरात टॉवेलाची वानवा कधीच नसते. कोळ्याची जाळी मागावरच्या टाकाऊ सुताची केली. जे कापूस म्हणून, सूत म्हणून आणि कापड म्हणून 1877 साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून या गावाच्या अंगाखांद्यावर खेळत आले, त्याचा शेवटचा गुंता वाहनतळाच्या खांबांना गुंडाळलेला पाहून मला थोडे वाईटही वाटले. कारण गिरण्यांचे भोंगे बंद पडून वर्षे लोटली, आणि या मुलांपैकी एकानेही तो आवाज ऐकलेला नाही. भुते म्हणावयाची तर ती.

परंतु त्या संध्याकाळची खरी करामत होती ती कंदिलांची. चादरीवर मोर, फूल, वेलबुट्टी उमटते ती जकार्डच्या यंत्रामुळे, हे सोलापुरात लहान मुलालाही ठाऊक असते, किंवा असावे. लियों शहरातील जोसेफ मारी जकार्ड याने 1804 साली सिद्ध केलेली ही युक्ती मोठी बुद्धिमान आहे: जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना ठरावीक जागी भोके, आणि भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाणार, नसेल तेथे तो खाली राहणार. बाण्याच्या प्रत्येक फेकीला एक पट्टी, अशा शेकडो पट्ट्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या मागावर लोंबत असतात आणि तीच त्या नक्षीची संहिता. नक्षी बदलली की जुना संच अडगळीत जातो. अक्कांच्या माहेरच्या कारखान्यात असे संच पोटमाळ्यावर धूळ खात पडले होते. ते आले. पोरांनी चार-चार पट्ट्या उभ्या जोडून चौकोनी पेट्या केल्या, कडांना खळ लावून दोऱ्याने आवळल्या, तळाशी मातीच्या पणत्या ठेवल्या आणि वर तारेची कडी अडकवली. दिवे लागले तेव्हा वाहनतळाच्या चुन्याच्या भिंतींवर, छतावर, उभ्या गाड्यांच्या काचांवर बारीक गोल ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा पडल्या. त्या रांगांत मोर कोठेच नव्हता. मोर होण्यास पूर्ण संच, ताणा व माग लागतो. पण मोराच्या कोणत्या तरी पिसाचा तो हुकूम होता, आणि अक्कांच्या सोबत आलेल्या त्यांच्या वृद्ध भावाने एका कंदिलाजवळ जाऊन, डोळे बारीक करून, “ही किनारीची पट्टी हाय,” असे ओळखून सांगितले. त्यांचे सबंध आयुष्य त्या मागावर गेले होते.

खाऊचा बंदोबस्त बायकांनी केला आणि त्यात पुरुषांची लुडबुड त्यांनी चालू दिली नाही, म्हणून जे ओट्याच्या अलीकडून दिसले तेवढेच सांगतो. कोरलेल्या भोपळ्यांचा गर वाया जाऊ द्यावयाचा नव्हता. तो किसून गुळासकट मंद आचेवर शिजवला, निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक व थोडे तांदळाचे पीठ घालून, पाण्याचा थेंबही न वापरता, घट्ट मळला. सुंठ-वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ, वर खसखस, आणि थापून तळले की घारगे झाले. बिया धुऊन, मीठ लावून, उन्हात सुकवून भाजल्या. वरच्या मजल्यावरील आजींनी शेंगापोळ्या पाठवल्या. सगळ्यांत नावाजली गेली ती ज्वारीची कडक भाकरी. नातीच्या आईने भाकरी पातळ थापून, तव्यावर टाकण्यापूर्वी तिला लहान वाटीने दोन डोळे व बोटाने एक वाकडे तोंड पाडले. अशी भाकरी फुगत नाही, कारण वाफ भोकांतून निघून जाते. आणि एरवी ज्या दोषासाठी नव्या सुनेला बोल लागला असता, तो येथे गुण ठरला, कारण कडक भाकरीला फुगून चालतच नाही. मंद आचेवर खरपूस होऊन ती वाळली, की पांढऱ्या मुखवट्यांची चळत तयार. चेहऱ्याला लावून भीती दाखवावी, आणि भीती दाखवून झाली की शेंगांच्या चटणीशी खावी. फराळाच्या डब्यांतील जिन्नसांची मुलांनी स्वतःच नवी नावे ठेवली: कडबोळी ही हाडे, चकली हा शेषाचा पोरगा, आणि अनारसे म्हणजे वेताळाच्या गालावरचे देवीचे व्रण. हादग्यातल्याप्रमाणे खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे हे ओळखण्याचा खेळही झाला. आवाजावरून कोणालाही ओळखता आले नाही, कारण अक्कांनी डब्यात तिळाचा भात भरला होता आणि भात वाजत नाही.

मुख्याध्यापक येणार नाहीत असे सर्वांनी गृहीत धरले होते. ते अर्ध्या तासाने खाली आले, खुर्ची ओढून बसले, आणि प्रथम त्यांनी प्रत्येक भुताची कसून जाबजबानी घेतली. खविसाने शेंडी लावली होती, ती त्यांनी काढावयास लावली. खवीस मुसलमान असतो, त्याला शेंडी कशी असेल? गिऱ्ह्याचे केस ओले नव्हते, तेव्हा त्याला नळाखाली धाडण्यात आले. मग दिवे मालवावयास सांगून, एका कंदिलाच्या उजेडात, त्यांनी मंगळवेढ्याकडच्या आपल्या गावच्या विहिरीवरील पिंपळाची आणि त्यावरच्या मुंजाची अशी काही कथा सांगितली की आमचे चार मुंजे उठून आपापल्या आयांच्या मांडीवर जाऊन बसले. एवढे भूतज्ञान पदरी असणाऱ्या माणसाने हरकत घ्यावी याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. नंतर वाटले, की हरकत त्यांनी घेतली ती त्या ज्ञानापोटीच. ज्याच्या लेखी भुते खरी असतात, त्याला ती खेळण्यातली झालेली आवडत नाहीत.

2025 साली कार्यकारिणीने, आदल्या वर्षीचे यश ध्यानी घेऊन, मुलांच्या समारंभासाठी स्वतःहून निधी मंजूर केला. योगायोग पाहा: त्या वर्षी 31 ऑक्टोबरला कार्तिक शुद्ध नवमी, म्हणजे कूष्मांड नवमी होती, विष्णूने कूष्मांड दैत्याचा वध केला आणि त्याच्या रोमांतून कोहळ्याची वेल उगवली अशी जिची कथा सांगतात, आणि जिच्यावर कोहळ्याचे दान द्यावयाचे असते, ती तिथी. दैत्याच्या अंगातून निघालेले फळ त्या दिवशी हाती येण्याचा असा धडधडीत मुहूर्त असताना आमच्या वाहनतळात आले काय, तर तारेने जोडलेले, बटण दाबले की हसणारे प्लॅस्टिकचे भोपळे, रबराचे मुखवटे आणि वेष्टनातील चॉकलेटे. सर्व व्यवस्था घटकाभरात लागली. समारंभही जवळजवळ तेवढ्याच वेळात आटोपला, कारण कोणाला कोणाशी बोलावयास काही विषय नव्हता. कोणाची सुरी वाकली नव्हती, कोणाची भाकरी तव्यावर मोडली नव्हती, कोणी कोणाच्या पोटमाळ्यावर चढले नव्हते. अक्का येऊन, उभ्या उभ्या पाहून, परत गेल्या. त्या भोपळ्यांच्या बॅटऱ्या संपल्या आहेत आणि ते आता वाहनतळाच्या कोपऱ्यात पडून आहेत. कुजत मात्र नाहीत.

म्हणून यंदाच्या सभेपुढे ठेवावयाची माझी दरखास्त मी येथेच नोंदवून ठेवतो. मुलांच्या समारंभासाठी संस्थेच्या निधीतून कोणतीही रक्कम मंजूर करू नये, आणि कोणी उदार सभासदाने वर्गणी देऊ केली तर ती सविनय परत करावी. शहरातील यंत्रमागधारकांना मात्र एक विनंती आहे. नक्षी संगणकावर काढून जकार्डला धाडण्याची सोय आता झाली आहे आणि पुठ्ठ्यांचे जुने संच रद्दीच्या भावाने जात आहेत, असे ऐकतो. ते रद्दीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी आपल्या गल्लीतील मुलांना एकदा विचारावे. दिवाळीपर्यंत दिलेत तरी चालेल.